दोन बाटल्या, एकच लेबल

मेहुण्याने मुलुंडला त्याच्या घरी रविवारी दुपारी ‘वाइन टेस्टिंग’ ठेवलंय म्हटल्यावरच माझं डोकं फिरलं होतं. आठ दिवस पॅरिसला काय राहून आला, बोर्दोच्या वाइनच्या दोन बाटल्या टीपॉयवर मांडून आम्हाला शिकवायला बसला. मला! अंधेरीच्या हॉटेलात वीस वर्षं मी वाइन वाढली. बाटली उघडायची, आधी आपण हुंगायची, बरी असेल तरच गिऱ्हाइकाच्या ग्लासात ओतायची, हे माझं काम होतं.

“भावोजींना हुंगायला देऊ नका हां, परत पाठवतील,” तो म्हणाला. सगळे खिदळले. माझी बायकोसुद्धा हसली, भाऊ ना तिचा!

या हसण्यामागची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. अकरा वर्षांपूर्वी एका बड्या गिऱ्हाइकाची फ्रेंच बाटली मी नाकारली. बूच खराब निघालं की वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. पिऊन कोणी मरत नाही, पण चव साफ गेलेली असते. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, मॅनेजरलाही नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुझं नाक गेलंय.” माझं टाळकं सटकलं. अख्खी बाटली त्याच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतली आणि नोकरी सोडून घरी आलो. बायको म्हणाली, “चुकलं म्हणा नि परत जा ना.” मी गेलो नाही. बोरीवलीत स्टेशनरीचं दुकान टाकलं आणि वाइनला परत शिवलो नाही. लोकांना वाटलं, अकड आहे. अकड कसली, भीती होती. नाक खरंच गेलं असेल तर?

मेहुण्याने पहिली बाटली उघडली आणि ग्लासात बर्फ टाकायला निघाला.

“बर्फ टाकलास तर हात तोडीन,” मी म्हणालो आणि ग्लास ओढून घेतला. नाकाशी नेला. तोच वास. गप्प बसावं असंही वाटलं, पण बसलो नाही. “ही खराब आहे.”

“झालं! भावोजींचं सुरू झालं.” त्याने दुसरा ग्लास भरून मुद्दाम मोठा घोट घेतला. “झकास आहे! पॅरिसच्या दुकानातली आहे, नाक्यावरची नाही.”

“दुसरी उघड.”

“ती बॉससाठी आहे.”

“गेला खड्ड्यात तुझा बॉस!”

“पुरे ना, अहो,” बायको म्हणाली. “दर वेळी काय हो तमाशा!”

मी ऐकतोय होय! दुसरी बाटली उचलली आणि उघडली. लेबल तेच, साल तेच. ग्लासात ओतून हुंगली. जांभूळ, ओली माती आणि मागून नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास. अकरा वर्षं पेन्सिली विकतोय, पण त्या वासाने काळीज असं कधी हललं नव्हतं. एक घोट घेतला आणि डोळे भरून आले. मेहुण्यासमोर भरून आले याचाही राग आला.

दोन्ही ग्लास मी बायकोपुढे ठेवले. ती दारूच्या थेंबाला शिवत नाही. पण बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून हुंगते, आणि कोळणीने कितीही शपथा घेतल्या तरी शिळं पापलेट परत टोपलीत टाकते. “पिऊ नकोस. फक्त हुंग,” मी म्हणालो.

तिने दुसऱ्या बाटलीचा ग्लास हुंगला. मग पहिलीचा हुंगला आणि लगेच नाक मुरडलं. चिडली की ती माहेरच्या मालवणीवर येते. “शी! ह्येका भिजलेल्या गोणपाटाचो वास येता.”

मेहुण्याने हातातला ग्लास खाली ठेवला. बायको माझ्याकडे वळली.

“म्हणजे तेव्हाही...”

“तेव्हाही,” मी ओरडलोच. “अकरा वर्षं मला माफी मागायला सांगत होतीस!”

“मग ती बाटली घरी का नाही आणलीत?” तीही तेवढ्याच जोरात ओरडली. “मी हुंगली असती ना!”

आणणार कुठून? बाटली मीच ओतून टाकली होती.