कोरलचा डॉक्टर आणि तांबडा समुद्र

सिंगापूरच्या सेंगकांगला माझं किराणा दुकान आहे. ज्वारीचं पीठ घ्यायला आलेला माणूस तासभर गप्पा मारतो, पीठ विसरतो आणि किस्सा ठेवून जातो. असा माल बराच साठलाय. पण डिसेंबरात इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठच्या भारी रिसॉर्टवर राहिलो, तिथला माल वेगळ्या फळीवर ठेवावा असा. पुढे निळं पाणी आणि कोरल, मागे वाळवंट. आम्ही पाच जण: आयटीतले देशपांडे, मेधावहिनी, त्यांची शाळकरी इरा, मी आणि शिरीष.

शिरीष सिंगापूरच्या युनिव्हर्सिटीत कोरलवर संशोधन करतो. सगळं कॉम्प्युटरवर, कारण पाण्याची भीती. महिन्याभरात कॉन्ट्रॅक्ट संपणार, मग साताऱ्याला परत. "काका, एवढी वर्षं ज्याच्यावर खाल्लं, ते एकदा तरी जिवंत बघून जायचंय," म्हणाला. तेवढ्यासाठीच आलेला.

पहिल्या सकाळी देशपांड्यांनी सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, टेबल अडवतो तशी समुद्रासमोरच्या खुर्च्यांवर टिश्यूची पाकिटं ठेवली आणि निवांत नाश्ता केला. परत आलो तर सगळ्या खुर्च्यांवर गोऱ्या आजीबाई पसरलेल्या. एक आमच्याच टिश्यूने नाक पुसत म्हणाली, "हॉटेल चांगलं आहे हो. खुर्चीखुर्चीवर ठेवतात."

मग वाळवंट. इरा सिंगापूरचीच, डोक्यावर छप्पर असलेल्या वाटेनेच शाळेत जाते. जीपमधून उतरली, चारी बाजूंची वाळू बघितली आणि विचारलं, "बाबा, शेल्टर कुठेय? सो हॉट, हाऊ टू वॉक, लाह?"

ड्रायव्हरने तिला उंटाच्या सावलीत नेऊन उभं केलं.

रिसॉर्टच्या दुकानात हीच वाळू बाटलीत भरून विकायला होती. मी विक्रेत्याला म्हटलं, "अरे, बाहेर फुकट पडलीये."

"बाहेर बाटली मिळत नाही, सर."

मी दोन घेतल्या. धंद्यातल्या माणसाला दाद द्यावी लागते.

शिरीषचं मात्र रोज तेच. लाइफ जॅकेट घालायचं, गुडघाभर पाण्यात जायचं, उभं राहायचं, परत यायचं.

"शिरीष, एवढ्या पाण्यात मी डाळ भिजवते," वहिनी म्हणायच्या.

"उद्या नक्की, वहिनी."

असं करत शेवटची सकाळ आली. दुपारी विमान. वहिनी उठल्या, "चल. मी धरते."

धक्क्याच्या शिडीवरून दोघं उतरले. खाली कोरल. वहिनींनी त्याच्या जॅकेटचा पट्टा घट्ट पकडला. शिरीषने पाण्यातला चष्मा चढवला, देवाचं नाव घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटला, तोंडात नळी धरली आणि तोंड पाण्यात घातलं.

मग हलेचना. वहिनींनी हाक मारली, देशपांड्यांनी वरून मारली. हातपाय सैल, पाठ तेवढी वर.

लाइफगार्डने टोपीसकट उडी मारली. शिरीषच्या गळ्याभोवती हात टाकून त्याला खेचत शिडीपर्यंत आणलं. शिरीषने तोंडातली नळी काढली आणि त्या इजिप्शियन माणसावर चक्क मराठीत ओरडला,

"अहो सोडा, मी कामावर आहे!"