एका 'ण'मुळे

माझी अक्का एका 'ण'मुळे नन झाली.

काल दुपारी ती गेली. कॉन्व्हेंटमधून फोन आला. आता बोलायला हरकत नाही.

पुण्यात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या 'न' आणि 'ण'वर सासरचे पोट धरून हसायचे. मीही हसायचे. आमच्या घरात या दोन अक्षरांत एक आख्खं आयुष्य अडकलं होतं, हे त्यांना काय सांगणार.

पन्नासचं दशक. कुंभकोणम. तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून आमचं घर तिकडेच.

आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, म्हणून आम्ही मराठी लोकांत ख्रिस्ती आणि चर्चमध्ये 'ते मराठी लोक'. घरात बोलायचं मराठी. फादरचा मिस्सा लॅटिनमध्ये. आणि मरियामातेपाशी गाऱ्हाणं घालायचं ते तमिळमध्ये, कारण आईच्या मते मातेला मराठी येत नव्हतं.

मी सहा वर्षांची असताना मला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी मान हलवली.

आई चर्चमध्ये जाऊन मातेच्या पायाशी पडली. तेरा वर्षांची अक्का खांबामागे उभी होती. तिनं ऐकलं, "धाकटी वाचू दे. एन् पोण्ण तरेन्, मादावे."

माझी मुलगी तुला देते, माते.

मी वाचले.

अक्का कुणाला काही बोलली नाही. नवस बोलून दाखवायचा नसतो.

पुढची चार वर्षं तिनं ते पोटात ठेवलं. बाबा तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत कारकून. तिकडे गेली की ती लाखेसारख्या लाल साडीवर, हिरव्या काठावर, हात फिरवून यायची. लग्नात हीच, म्हणायची. मग हात काढून घ्यायची.

सतराव्या वर्षी तिला तंजावरहून स्थळ आलं. शाळामास्तर, हसरा माणूस. तिला आवडला होता, मला माहीत आहे. त्याचं पत्र तिनं तीनदा वाचलं.

अक्का वाट बघत राहिली की आईला नवस आठवेल. आई तर खुशीत लाडवांचं ठरवत होती. अक्काला वाटलं, मायेपोटी आई शब्द मोडते आहे.

त्याच आठवड्यात मला पुन्हा ताप भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं बाबांना सांगितलं की ती मठात जाणार.

ताप मलेरियाचा होता. कोयनेलनं उतरला. अक्काला वाटलं, तिनं हो म्हटलं म्हणून उतरला.

आई रडली, पण कोण देवाला नाही म्हणणार? फादरनी प्रवचनात आमच्या घराचं कौतुक केलं. बाबा महिनाभर ताठ मानेनं चालत होते.

स्टेशनवर तिनं मला जवळ ओढलं. म्हणाली, "आईनं तुज्यासाठी मला नवसास बोलली होती गे. कुणास सांगू नको."

मी दहा वर्षांची. माझ्या जिवाची किंमत मला अशी कळली.

दोन वर्षांनी सणाच्या दिवशी मातेची मूर्ती दागिन्यांनी सजवली होती. आईनं बोट दाखवलं. मातेच्या गळ्यातल्या साखळीत आईच्या कुड्या अडकवल्या होत्या. त्या औषधात गेल्या असं तिनं बाबांना सांगितलं होतं, आणि सहा वर्षं ती कानात कडुलिंबाच्या काड्या घालून वावरत होती.

"तुज्यासाठी दिल्या," आई म्हणाली.

मी विचारलं, नवस नेमका काय बोललीस? तिनं सांगितलं. "एन् पोन्न तरेन्."

माझं सोनं देते.

'ण' म्हटलं तर मुलगी, 'न' म्हटलं तर सोनं. रडून रडून नाक चोंदलेल्या बाईच्या तोंडून दोन्ही सारखंच निघतं.

मी आईला काहीच बोलले नाही. बोलले असते तर ती तिथेच मेली असती.

अक्काची नन होण्याची शपथ व्हायची होती. अजून ती परत येऊ शकत होती. पण मठात पत्रं उघडून वाचत, आणि मराठीत लिहिलेलं तर देतच नसत. तमिळमध्ये लिहावं तर पत्र मठाच्या मदरच्या हाती पडून आईपर्यंत पोचणार.

शपथेला महिना असताना आम्ही भेटायला गेलो. पार्लरमध्ये, म्हणजे भेटीच्या खोलीत, एक वयस्कर सिस्टर विणत बसलेली. नियम होता, बोला, पण तमिळमध्ये.

आई-बाबांना मदरनं आत बोलावलं. मी पटकन मराठीत म्हटलं, "अक्का, आईनं सोनं म्हटलं होतं गे. तुला नव्हे."

सिस्टरनं वर पाहिलं. साध्या आवाजात अक्कानं तमिळमध्ये विचारलं, "तोडु?" कुड्या?

मी मान डोलावली.

आई-बाबा बाहेर आले. बाबांचे डोळे अभिमानानं भरलेले. आईनं अक्काच्या डोक्यावरचं पांढरं कापड नीट केलं. अक्का आईच्या कानांतल्या काड्यांकडे बघत होती.

निघताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "आईस कळू देऊ नको."

महिन्यानं तिनं शपथ घेतली.

लेकीला देवानं बोलावलं, असं सगळ्यांना सांगत आई समाधानानं गेली. मी ते प्रत्येक वेळी ऐकून घेतलं. मला आईचा राग यायचा, अक्काचा यायचा, आणि देवाचा तर फारच यायचा.

आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर एकदा मी तिला विचारलंच. कळल्यावर बाहेर का नाही पडलीस?

"दार कुठल्या बाजूस होतं, ते सांग," ती म्हणाली.



मग म्हणाली, "पहिल्यानं मला आईनं दिलं असं वाटलं. कळल्यावर रोज सकाळी उठून माझी मीच दिली. काही दिवस दिलीच नाही गे. ते दिवस देवानं सांभाळून घेतले."

तिचा त्याच्यावर विश्वास होता. माझा तिच्यावर होता. तेवढ्यावर मी इथवर आले.

अक्का, तुझी धाकटी अजून जिवंत आहे. तिचा शेवटचा नमस्कार घे.

आणि जा आता. तू कुणाचा नवस नाहीस. कधीच नव्हतीस.