अल्पशा आजाराने

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी आठ वर्षं आहे. सूचना मीच कॉम्प्युटरवर टाइप करतो. ‘पाणी’ एवढं लिहिलं की पुढे फिकट अक्षरं उमटतात, ‘पुरवठा बंद राहील याची नोंद घ्यावी’. कळ दाबली की ती काळी होतात. कधी मला लिहायचं असतं की पाणी उद्या जरा जास्त वेळ येणार आहे, तरी ते बंदच करायला निघतं. खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा तेच. ही सोय बंद करता येते म्हणतात. मी दोनदा प्रयत्न केला, नंतर सोडून दिलं. कंटाळलेल्या माणसाला तयार वाक्य बरंच वाटतं, हेही खरं.

तिसऱ्या मजल्यावरचे माझे शेजारी गेले त्या सकाळी मी असाच कंटाळलेलो होतो. डॉक्टर, दाखला, गाडी सगळं करून सोसायटीच्या ऑफिसात बसलो. खाली माणसं जमली होती. शेजाऱ्यांचं नाव टाइप केलं, पुढे ‘यांचे’ लिहिलं आणि फिकट अक्षरं आली: ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.’ मी कळ दाबली. प्रिंट काढून लिफ्टजवळच्या काचेच्या फलकात लावली, फोटो ग्रुपवर टाकला. पटापट ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत राहिल्या, एकसारख्या.

ते नऊ वर्षं अंथरुणावर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, वाचाही.

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पहिल्यांदा खाली उतरल्या. मी फलकातले जुने कागद काढत होतो. त्या थांबल्या, चष्मा लावून वाचलं.

“ह्यां कोणी लिवल्यान?”

“मीच, वहिनी.”

“नऊ वर्सां म्हणजे अल्पसो आजार काय ओ, भावोजी?”

मी म्हणालो, “ते कॉम्प्युटर आपोआप...”

“कॉम्प्युटर इलो होतो काय आमच्याकडे? तुमी तरी खंय इलात म्हणा.” त्या हसल्या. हसल्या म्हणूनच जास्त लागलं.

कारण ते खरं होतं. आजारपणाच्या सुरुवातीला दोन महिने मी रोज संध्याकाळी जायचो. त्यांना उचलून बसवायला दोन माणसं लागत. त्याआधी वर्षानुवर्षं आम्ही दोघं गच्चीवर कॅरम खेळलो होतो. मग माझी कंबर दुखली, मग ऑफिसचं काम वाढलं, मग गणपतीत एकदा, दिवाळीत एकदा, आणि शेवटी नुसतं लिफ्टमध्ये “कसं आहे?” वहिनी “तसाच” म्हणायच्या, माझा दुसरा मजला यायचा, मी सुटायचो. त्यांचं आजारपण मी फार आधीच अल्पसं करून टाकलं होतं. त्या सकाळी फक्त कळ दाबली.

सोसायटीच्या सभेत शोकप्रस्ताव मांडायचा होता. या वेळी मी आधी वर गेलो. चार वर्षांनी त्या घरात बसलो. पलंग अजून तिथेच होता, गादी गॅलरीत उन्हात टाकलेली.

“काय लिहू, वहिनी?”

“माका काय इचारतास? झाला तां लिवा.”

मग त्या स्वतःच सांगू लागल्या. पेज गाळून भरवायची. कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लेकीच्या लग्नात त्या अक्षता टाकायला हॉलवर गेल्या आणि जेवणाआधी परतल्या.

मी टाइप करायला बसलो. प्रत्येक वाक्यापुढे ते ‘मृतात्म्यास शांती लाभो’ घेऊन उभं. अकरा ओळींना दीड तास लागला. सभेत मी वाचलं तेव्हा एकाने घड्याळ बघितलं, मग पार्किंगचा विषय सुरू झाला. कागद मी फलकात लावला.

दुसऱ्या दिवशी वहिनी भाजीची पिशवी घेऊन तिथे उभ्या होत्या. पूर्ण वाचेपर्यंत मी जिन्याशी थांबलो.

“भावोजी, चुकला हां. ‘दर दोन तासांनी कूस बदलली’ असा लिवलास. दोन तास रात्री. दिवसा दर तासाक.”

मी किल्ली आणली, फलक उघडला आणि खिशातल्या पेनाने ते दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा वाचलं.

“आता बरोबर,” म्हणाल्या, आणि पिशवी उचलून लिफ्टकडे वळल्या.