मामाने दिलेले उत्तर

नोटरीसमोर दोघांनी सह्या केल्या की घटस्फोट होतो का? माझ्या भाचीच्या, सुमनच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्या घरात आला. माझा भाऊ, म्हणजे तिचा मामा, कुटुंब न्यायालयाच्या वाटेवरही कुरकुरत होता, “फारकत लिहून झाली ना, सुमे? मग कोर्टात कशाला शोभा करून घ्यायची?”

उत्तर ‘नाही’ असे आहे. काही समाजांच्या रूढींचा अपवाद सोडला, तर तेवढ्या कागदाने विवाह मोडत नाही. दोघांनी मिळून न्यायालयात अर्ज करावा लागतो, मध्ये थांबावे लागते आणि पुन्हा उभे राहून संमती सांगावी लागते. हुकूम होईपर्यंत ती मागेही घेता येते.

त्या दुसऱ्या खेपेस न्यायाधीशबाईंनी सुमनला विचारले, “ही संमती तुमच्या मर्जीची आहे?”

“होय, होय, राजी आहे ती,” मागून मामा म्हणाला. लग्न ठरतानाही त्यानेच असे उत्तर दिले होते. तेव्हा सुमन आत चहा गाळत होती.

या वेळी ती वळली. “मामा, मला विचारलंय.” मग समोर पाहून म्हणाली, “होय. माझ्याच मर्जीने.”

कायद्याची वाट लांबची आहे, हे मान्य. पण त्या वाटेवर बाईला स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते, म्हणून ती मला जवळच्या वाटेपेक्षा प्रिय आहे. माझ्याही शब्दावर विसंबू नका. न्यायालयात जाऊन स्वतः विचारा आणि खात्री करून घ्या.