शेवटची खुर्ची

रविवारची उपासना संपली की आमच्या वाडीच्या चर्चमध्ये चहा होतो, आणि चहासोबत चघळायला एखादा किस्सा असतोच. त्यातून आमचे पास्टर असे, की किस्से त्यांचा पत्ता विचारत येतात.

त्यांच्या पहिल्याच रविवारी एक ट्रक चर्चच्या फाटकात अडकला. फोन कुणाला करायचा यावर कमिटीची चर्चा रंगली. तोवर पास्टर पांढऱ्या झग्यातच ट्रकमागे उभे राहून "आने दो, आने दो" करत होते. ट्रक सुटला. ड्रायव्हर हात जोडायला आत आला, तर पास्टर उपदेशाला उभे. तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, ये तो अपना क्लीनर है!"

खरा ट्रक मात्र वेगळाच अडकला होता. वसंतराव आणि दिनकर, दोघे भिवापूरचे, एका बाकावर शिकलेले. चर्चच्या सेक्रेटरीच्या निवडणुकीत वसंतराव जिंकले आणि दोघांचं बोलणं तुटलं. ईस्टरनंतर मनीषनगरला वेगळी उपासना सुरू करणार, असं दिनकरनं जाहीर करून टाकलं. अर्धी मंडळी त्याच्याबरोबर निघाली होती. मला तर रडूच यायचं.

पास्टरांनी उपदेश केला, मेजवानीत शेवटची जागा घ्या. पुढच्या रविवारी सगळे लवकर हजर, मागची रांग पकडायला! वसंतरावांनी तर रुमाल टाकून जागा धरली. पुढच्या खुर्च्या ओस. पास्टरांनी मुकाट्यानं उपदेशाचं स्टँड उचललं, मागच्या भिंतीशी नेलं आणि म्हणाले, "आता खुर्च्या फिरवा."

ईस्टरआधीच्या गुरुवारी पास्टर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. आमची मंडळी मोठी सोवळी. पाय धुवून घ्यायला येताना घरूनच घासूनपुसून येतात. मागच्या वर्षी एकानं वर पावडरही लावली होती. पास्टर म्हणाले, "पाय कुठले धुतले? पाण्याचाच बाप्तिस्मा झाला."

यंदा ऐन वेळी पास्टरांची कंबर धरली. वाकताच येईना. त्यांनी टॉवेल सरळ सेक्रेटरीच्या खांद्यावर टाकला. वसंतराव चपापले, पण सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? बसले गुडघे टेकून. अकरा जणांचे चकचकीत पाय धुऊन झाले. शेवटच्या खुर्चीवर दिनकर होता. तो मिरचीच्या गोदामात सुपरवायझर आहे, आणि कामावरून थेट आलेला. पाय तिखटानं लाल.

मी मान उंचावून पाहत होते. वसंतरावांनी त्याचा एक पाय घमेल्यात घेतला आणि चोळू लागले. तिखट पाण्यात उतरलं. त्यांचे डोळे वाहायला लागले, ते दंडानं पुसत राहिले. पाय मात्र सोडला नाही.

मग खाली मान घालूनच म्हणाले, "टाच लय फुटली गा तुही. झोंबत नाही काय?"

दिनकरनं त्यांच्या पिकल्या डोक्याकडे पाहिलं.

"झोंबते ना," तो म्हणाला, आणि पँट वर सारली. "दुसराबी पाय हाये गा मले."