वस्तादाची मान

चौकातलं सलून चालवणाऱ्याला सगळे वस्ताद म्हणतात. पन्नाशी उलटली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. हातात वस्तरा आला की मात्र गप्प. दुसऱ्यांच्या मानांवर पोट भरणारा हा माणूस स्वतःच्या मानेला कुणाला हात लावू देत नसे. "हात कसा घसरतो ते मला माहीत आहे," म्हणायचा.

त्याच्या थोरल्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला. तिच्या हाडांतला मगज औषधांनी संपवायचा आणि वस्तादाच्या रक्तातून काढलेल्या पेशी तिला चढवायच्या, असं ठरलं. भावंडांत जुळला तो हाच. एका हातातून रक्त यंत्रात जाणार, पेशी गाळून उरलेलं दुसऱ्या हातात परत. पण हाताच्या नसांनी ऐन वेळी दगा दिला. यंत्र सारखं बोंबलायला लागलं. नर्स म्हणाली, मानेतून नळी घालावी लागेल.

"मानेला हात लावायचा नाही!" वस्ताद ताडकन उठून बसला. बायकोने समजावलं, मेहुण्याने हात जोडले. वरच्या मजल्यावर बहिणीची औषधं देऊन झाली होती. आता पेशी मिळाल्या नाहीत तर ती जगणार नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो जास्तच चिडला होता.

नळी घालणारी डॉक्टर सोनोग्राफीचं यंत्र ओढत आली. मानेवर जेल लावून तिने पडदा त्याच्याकडे वळवला. दोन काळे गोल शेजारी शेजारी दिसत होते.

"दाबल्यावर चपटी होते ती नीला. तिच्यात जायचंय. ही उडतेय ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही. सुई मला इथे दिसत राहते."

"तुमचा हात कधी घसरलाय?" वस्तादाने विचारलं. मेहुणा ओशाळला.

"घसरलाय. पूर्वी अंदाजाने घालायचे तेव्हा एकदा सुई धमनीत गेली. पेशंट वाचला, पण माझी झोप उडाली. पडद्यावर टोक दिसल्याशिवाय आता मी सुई पुढे सरकवत नाही."

कधीच कुणाला कापलं नाही म्हणणाऱ्या कारागिराला वस्तादाने आजवर कामावर ठेवलं नव्हतं. तो आडवा झाला. "घाला," म्हणाला.

नळी नीट बसली. यंत्र शहाण्यासारखं चाललं. पेशी पुरेशा निघाल्या आणि पिशवी वर गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नळी काढायला आली, तर वस्तादाने मानेवर हात धरला.

"राहू द्या. कमी पडल्या तर? तिच्यात रुजल्याच नाहीत तर?"

"गरज संपल्यावर नळी ठेवली तर तिथून जंतू शिरतात. रक्तातच जातील."

"जाऊ देत."

पुढे कितीही सांगितलं तरी गडी ढिम्म. कंटाळून बायकोने बहिणीच्या खोलीत फोन लावला आणि त्याच्या कानाला धरला.

"काय तमाशा लावलायस रे?" आवाज बारीक, पण दरारा तोच.

"ताई, अजून लागल्या तर..."

"पिशवी कालच संपली. माझ्यात आल्या सगळ्या. काढू दे त्यांना. आणि छोट्या, नाही जगले तरी ते तुझ्यामुळे नाही. ऐकलंस?"

त्याने फोन परत दिला आणि मानेवरचा हात काढला.

डॉक्टरने त्याला सपाट झोपवलं, श्वास रोखायला सांगितला आणि नळी हळूच ओढून जागा घट्ट दाबून धरली.

"आता घ्या श्वास."

श्वास घेतला तसा त्याला हुंदका फुटला.

"दुखतंय का?"

त्याने मान हलवायचा प्रयत्न केला. "हलू नका," डॉक्टर म्हणाली आणि बोटं न उचलता, त्याचं रडून होईपर्यंत तशीच उभी राहिली.