बाजाराची भेदरं

मी हैदराबादला नर्सिंग शिकायला निघाले, त्या सकाळी आईने माझ्या डब्यासाठी चार चांगली भेदरं कापली. भेदरं म्हणजे टोमॅटो. आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरकडच्या आमच्या गावात दुसरं नाव कुणी घेत नाही. बसची वेळ झाली होती, पण या चटणीला वेळ लागतो किती? एक भाकर भाजून होते तेवढाच. स्टोव्हवर तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग चिरलेली भेदरं आणि मीठ. झाकण ठेवायचं आणि नरम पडली की वाटीच्या बुडाने रगडायची. मी नवी बॅग घेऊन दारात उभी, आणि आई टोपलीतली लालबुंद, टणक फळं उचलून चिरतेय. मला कोण आनंद झाला!

कारण आमच्या घरात असं होत नसे. भाजीचा मळा आमचा. आई टोपल्या घेऊन आदिलाबादच्या बाजारात बसायची. आदल्या दिवशी निवडायला बसलो की चांगली भेदरं टोपलीत, आणि तडकलेली, पाखरांनी टोचलेली घरात. "चांगल्याले हात नोको लावू, ते बाजाराचं हाये," हे मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. चांगलं भेदर घरात कापायचं ते फक्त पाहुणा आला तर. त्यामुळे आम्ही भावंडं पाहुण्यांची वाट बघायचो.

म्हणून त्या सकाळी मला वाटलं, आपण मोठे झालो, आपला मान वाढला. तामसीचा थांबा यायच्या आधीच मी बसमध्ये डबा उघडला आणि बोटं चाटून चटणी संपवली. मागे रस्त्यावर आई किती वेळ उभी राहिली, ते मी पाहिलंच नाही.

हैदराबादेत नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट झाला. पहिल्या पगारात मी ऐटीत दोन किलो निवडक टोमॅटो आणले होते. त्यांची चटणी कसली होतेय! सालं एकीकडे, पाणी एकीकडे. मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे मी तडकलेले मागू लागले. "मंचिवि तीस्को अम्मा," चांगले घे गं बाई, म्हणत ती माझी कीव करायची. आता न सांगता बाजूला काढून ठेवते.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. दुनियेच्या आयांना वेळेवर औषध देणारी मी, माझ्या आईपाशी वेळेवर पोचले नाही. हे दुःख मी कुणाला सांगत नाही, इथे लिहून टाकते.

वर्षश्राद्धानंतर एकदा गावी गेले. धाकट्या भावाची बायको सुनीता गॅससमोर उभी होती. आता घरापुरतेच दोन वाफे उरलेत, बाकी सगळा कापूस. तिच्यासमोर परातीत भेदरं होती, आणि ती त्यातली चांगली वेचून घेत होती. मी एक तडकलेलं उचललं, धुतलं, विळी ओढली. तिने माझ्या हातातून ते काढून घेतलं.

"राहू द्या ताई. तुमी काऊन ते खाता? तुमी का रोज रोज येता?"

तिने मायेनेच म्हटलं. मी पाटावर जाऊन बसले. चटणी छान झाली होती. तडकलेली परातीत तशीच पडून होती.

त्या सकाळी आईने माझा मान वाढवला नव्हता, मला पाहुणी केलं होतं. तिला ते ठाऊक होतं, की हात आपोआप चांगल्यांकडे गेला? आता विचारू कुणाला?

माझी लेक वरंगलला शिकते. मागच्या रविवारी सुट्टीवर आली आणि चटणी मागितली. फ्रीज उघडून माझाही हात चांगल्यांकडेच गेला. चार काढले, ओट्यावर ठेवले, नि परत आत ठेवून दिले. भाजीवालीच्या पिशवीतले तडकलेले घेतले, खराब भाग सुरीने काढला आणि कढई तापत ठेवली.

"मम्मी, चांगले टमाटे असताना हे काऊन?" तिच्या बोलण्यात आमच्या गावचं एवढं एक 'काऊन' उरलंय.

"ते पाहुण्यांचे," मी म्हणाले. "तू घरची आहेस."

तिने तोंड वाकडं केलं आणि जेवायला बसली. मी तिच्या ताटात आणखी एक चमचा वाढला.